नकाशातील आपले गाव

नगररचनेचे नियम हा विषय रुक्ष म्हणून आपण तो वास्तुविशारद आणि वकील यांच्यावर सोपवून मोकळे होतो. परंतु आपल्या अंगणात ऊन किती येईल, विहिरीला पाणी किती राहील आणि शेजारी किती मजले उठतील हे या रुक्ष नियमांनीच ठरत असते. वसईत राहताना याचा प्रत्यय मला वारंवार येतो.

एकदा एका वयोवृद्ध बागायतदाराने मला विचारले, ‘फादर, हा एफएसआय म्हणजे नेमकं काय हो?’ मी त्यांना सोपे उदाहरण दिले. जागा 500 चौरस मीटर आणि चटई क्षेत्र निर्देशांक 1 असेल, तर सर्व मजले मिळून 500 चौरस मीटर बांधकाम करता येते. तो 2 झाला की 1000. क्षणभर थांबून ते म्हणाले, ‘म्हणजे जमीन तेवढीच, माणसं दुप्पट. मग विहिरीचं पाणी कोण दुप्पट करणार?’ नगररचनेतील मूळ प्रश्नच त्यांनी एका वाक्यात मांडला होता.

2020 च्या डिसेंबरात राज्य शासनाने, बृहन्मुंबई व काही विशेष क्षेत्रे वगळून, राज्यासाठी एकत्रित विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावली मंजूर केली. गावोगावचे वेगवेगळे नियम जाऊन एकसूत्रता आली, हा तिचा गुण मान्य केला पाहिजे. मात्र या पद्धतीत रस्ता जितका रुंद, तितकी अधिक बांधकामाची मुभा मिळते. वाड्यांमधून वळणे घेत जाणारी आपली अरुंद गल्ली आणि तिच्या कडेचे बावखल यांचे मोल या हिशेबात कोठे धरायचे? बावखले बुजली की पावसाचे पाणी मुरण्याची जागा जाते. 2018 च्या जुलैमध्ये वसई जलमय झाली, तेव्हा पाण्याला वाट आणि विसावा दोन्ही लागतात हे आपण सर्वांनी पाहिले.

या वाढीत आपलाही स्वार्थ गुंतला आहे, हे नाकारण्यात अर्थ नाही. वडिलोपार्जित घरात तीन भावांचे संसार मावत नाहीत. मुलाच्या लग्नाआधी वरचा मजला हवा असतो. म्हणून नियम बदलूच नयेत, हा आग्रह प्रामाणिक ठरणार नाही. ते कोणासाठी आणि किती बदलावेत, एवढेच विचारायचे आहे, आणि ते वेळेवर विचारायचे आहे.

कायद्याने ही वेळ नेमून दिली आहे. महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, 1966 प्रमाणे विकास आराखड्याचे प्रारूप प्रसिद्ध झाल्यावर ठरावीक मुदतीत कोणीही लेखी हरकत घेऊ शकतो. नियोजन समितीपुढे त्याला आपले म्हणणे मांडता येते. आराखडा एकदा मंजूर झाला की त्याची छाया सुमारे वीस वर्षे पडून राहते. वसई-विरारचा 2021 पर्यंतचा आराखडा 2007 साली मंजूर झाला. त्या काळात पाळण्यातले मूल कमावते झाले.

हरकतींनी काय साधते, असे कोणी विचारील. 2015 च्या फेब्रुवारीत मुंबईच्या विकास आराखड्याचे प्रारूप प्रसिद्ध झाले. त्यात असंख्य चुका आढळल्या. असलेल्या वास्तूंवरून रस्ते नेलेले दिसले. नागरिकांनी हजारो हरकती नोंदविल्या आणि त्याच वर्षीच्या एप्रिलमध्ये शासनाने ते प्रारूप रद्द केले. सुधारित आराखड्याला 2018 साली मंजुरी मिळाली. ज्यांनी आपली गल्ली नकाशात शोधून पाहिली, त्यांच्यामुळे हे घडले.

दिवंगत फादर फ्रान्सिस दिब्रिटो आणि हरित वसई संरक्षण समिती यांनी वसईच्या हिरवाईसाठी लोकांना रस्त्यावर आणले. आज तोच लढा बराचसा कागदावर लढावा लागतो आणि त्याला घोषणांपेक्षा चिकाटी अधिक लागते. तेव्हा आराखड्याची सूचना निघेल त्या दिवशी प्रत्येक आळीतून दोघांनी तरी नकाशा पाहावयास जावे. सोबत सातबारा न्यावा. विहीर, बावखल, पायवाट, दफनभूमी यांची नोंद आहे की नाही ते तपासावे. हरकत साध्या मराठीत लिहावी, सुनावणी मागावी आणि पोच घेतलेली प्रत जपून ठेवावी. शिकलेल्या मुलामुलींनी हे काम हाती घेतले, तर वडीलधाऱ्यांना पुढची वीस वर्षे हळहळत बसावे लागणार नाही.