अजानच्या आधी

माझ्या धाकट्या बहिणीचं बाळंतपण तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात झालं. बाळंतिणीजवळ घरातली एक बाई थांबू शकते, म्हणून मी आत होते. बाहेर अब्बा वजू करून बसले होते. नातवंडाच्या कानात अजान त्यांनाच द्यायची होती.

बाळ झालं, पण रडलं नाही. हातपाय लुळे पडलेले. सिस्टरांनी त्याला कोरडं केलं, पाठ चोळली. तरी आवाज नाही. मी मनात दुरूद पढत होते. "उलटं धरून चापट मारा ना!" असं माझ्या तोंडून निघूनही गेलं. नानीकडून तेच ऐकलं होतं.

माझ्याकडे कुणी लक्ष दिलं नाही. एका सिस्टरांनी बाळाच्या नाकातोंडावर छोटा मास्क धरला आणि ॲम्बू बॅग दाबायला सुरुवात केली. दुसरीनं छातीवर स्टेथोस्कोप ठेवला आणि एक बोट हवेत हलवू लागली. टक्... टक्... टक्. मग म्हणाली, "आठ."

काही वेळानं बोट भराभर हलू लागलं. "बारा!" दोघींचे चेहरे सैल झाले. बाळ अजून रडलंच नव्हतं. रडलं ते त्यानंतर.

संध्याकाळी मी त्या सिस्टरांना बोटाचं विचारलं. त्या म्हणाल्या, सहा सेकंद ठोके मोजायचे आणि दहानं गुणायचं. आठ म्हणजे मिनिटाला ८०. बोट हलवायचं ते बॅग दाबणारीला ठोके दिसावेत म्हणून. १००च्या खाली असतील तर श्वास देत राहायचं. नीट ३० सेकंद श्वास देऊनही ६०च्या खालीच राहिले, तर छातीही दाबावी लागते, तीनदा दाब आणि एक श्वास. बाळाचं हृदय मंदावतं ते बहुतेक वेळा हवेवाचून. म्हणून ठोके वाढले की समजायचं, हवा आत पोहोचली. रंगावर भरवसा ठेवायचा नाही, चांगली बाळंही पहिली काही मिनिटं निळसर दिसतात.

मोठ्या दवाखान्यांत यासाठी ईसीजी लावतात. त्यावर ठोके लवकर आणि जास्त अचूक कळतात. बोटाला लावायच्या यंत्राला आकडा दाखवायला मिनिट-दोन मिनिटं लागू शकतात. आमच्याकडे त्या घडीला होता तो एक शिकलेला कान.

अब्बांनी नंतर अजान दिली. आवाज कापत होता. त्यांना मी आतलं काहीच सांगितलं नव्हतं, पण आतली शांतता त्यांनी बाहेर बसून ऐकली होती.

शंभरातल्या साधारण दहा बाळांना पहिल्या श्वासासाठी थोडीफार मदत लागते. आपण दवाखाना निवडताना लेडी डॉक्टर आहे का, खर्च किती, एवढं विचारतो. आता मी आणखी एक विचारते: रात्री दोन वाजता बाळ रडलं नाही, तर बॅग कोण धरणार आणि ठोके कोण मोजणार?