विनपीई हलकेच बरे

विनपीईमध्ये जितके जास्त भरावे तितके चांगले, असे माझे अनेक वर्षे ठाम मत होते. लॅब सांभाळायला नव्याने आलेल्या मुलांना मी तेच शिकवले. आज मी त्यांना नेमके उलटे सांगतो, म्हणून हे मतांतर कसे झाले ते मी मांडायला हवे.

विंडोज बसवण्याआधी मेमरीत उभी राहणारी छोटी विंडोज म्हणजे विनपीई. हार्डडिस्क कोरी असली तरी तिचे अडत नाही. बूट.विम ही एक फाइल रॅममध्ये उलगडते, एक्स: नावाचा ड्राइव्ह तयार होतो आणि काळी खिडकी समोर येते. तिथून डिस्कपार्टने डिस्कचे भाग पाडायचे, डिस्मने विंडोजची इमेज उतरवायची, बीसीडीबूट चालवायचे आणि मशीन रीस्टार्ट करायचे. मायक्रोसॉफ्टने 2002 मध्ये हे आणले तेव्हा ते मोठ्या ग्राहकांपुरतेच होते. आमच्यासारख्यांना आधार होता तो बार्ट लागरवाय यांच्या बार्टपीईचा आणि हिरेन्स बूट सीडीचा. त्या एका सीडीत पार्टिशन, डेटा रिकव्हरी, पासवर्ड, अँटिव्हायरस असे सगळे असायचे. ती खिशात असली की कुठल्याही मशीनसमोर छाती काढून उभे राहता यायचे. माझे जुने मत त्या सीडीतून आले होते आणि दुरुस्तीच्या कामासाठी ते आजही खरे आहे.

पण साठ मशीनची लॅब परीक्षेआधी नव्याने उभी करणे हे दुरुस्तीचे काम नव्हे. तिथे पीएक्सईने, म्हणजे नेटवर्कवरून, बूट करताना ती बूट.विम टीएफटीपीवरून तुकड्यातुकड्याने प्रत्येक मशीनकडे जाते. तिचा आकार वाढवला की सगळ्या लॅबला थांबावे लागते. साध्या विनपीईला 512 एमबी रॅम पुरते. पॅकेजे आणि ड्रायव्हर वाढवू तशी ही गरज वाढते आणि जुनी मशीन मागे पडू लागतात.

तरीही माझे मत बदलले ते वेगापायी नाही, पुनर्बांधणीपायी. पॉवरशेल हवे तर आधी डब्ल्यूएमआय, मग नेटएफएक्स, मग स्क्रिप्टिंग, असा क्रम पाळून पॅकेजे घालावी लागतात आणि प्रत्येकामागे त्याचे भाषेचे पॅकेजही. विनपीई बनवण्याचा मायक्रोसॉफ्टचा संच म्हणजे एडीके; त्याची नवी आवृत्ती आली की हे सगळे त्या आवृत्तीचेच लागते. भरगच्च बूट.विम एकदा जमली की तिला पुन्हा हात लावायला कुणी धजत नाही. आत काय आहे हे बनवणाऱ्यालाही सांगता येत नाही. हलकी बूट.विम मात्र एका बॅच फाइलने केव्हाही नव्याने बनते: कॉपीपीई, माउंट, मोजके ड्रायव्हर, स्टार्टनेट.सीएमडी, कमिट. स्टार्टनेटमध्येही थोड्याच ओळी असतात. डब्ल्यूपीईइनिट चालवायचे, नेट यूजने सर्व्हरचे शेअर जोडायचे आणि तिथल्या स्क्रिप्टला हाक मारायची. पुढचे सारे बदल सर्व्हरवर होतात, बूट.विम तशीच राहते. एरवी यूईएफआयसाठी पेनड्राइव्ह फॅट32 ठेवावा लागतो आणि त्यावर 4 जीबीपेक्षा मोठी फाइल मावत नाही, म्हणून इमेजचे तुकडे करावे लागतात. इमेज सर्व्हरवर गेली की तीही कटकट संपते.

ड्रायव्हरबाबत तर मी आता हट्टाने बोलतो. विनपीईला दोनच गोष्टी दिसायला हव्यात: नेटवर्क आणि डिस्क. साउंड, ग्राफिक्स, ब्लूटूथ यांचे ड्रायव्हर नंतर बसणाऱ्या विंडोजचे आहेत, ते तिथेच द्यावेत. ज्या नव्या इंटेल मशीनवर बायोसमध्ये व्हीएमडी हे डिस्क सांभाळणारे तंत्र चालू असते, तिथे त्याचा ड्रायव्हर मात्र न चुकता घालावा, नाहीतर डिस्कपार्टच्या यादीत डिस्कच येत नाही आणि बिचारा मुलगा डिस्क बिघडली असे समजून मशीन उघडायला घेतो.

विनपीई 72 तास चालले की आपोआप रीस्टार्ट होते. कुणी ते फुकटची विंडोज म्हणून वापरू नये, यासाठीची ही अट. मला पूर्वी हा निव्वळ कोतेपणा वाटायचा. आता ती अट मला पटते, कारण या गोष्टीने डिस्क तयार करून बाजूला व्हायचे असते. तिच्यात मुक्काम करायची वेळ आली तर मांडणीतच काहीतरी बिनसलेले असते.

एका बाबतीत मी जुन्याच मताला धरून आहे. रात्री ही मशीन सुरू करतो तो बहुतेक वेळा लॅब अटेंडंट असतो आणि त्याला इंग्रजी संदेशांपेक्षा मराठी वाचणे सोयीचे जाते. 'या मशीनवरचा सगळा डेटा पुसला जाईल, पुढे जायचे?' हे विचारणारी एक मराठी खिडकी मी एचटीएमध्ये (एचटीएमएल ॲप्लिकेशनमध्ये) केली आहे. तिच्यासाठी स्क्रिप्टिंग, एचटीए आणि देवनागरी फाँटची पॅकेजे घालावी लागतात, बूट.विम तेवढी फुगते. हलकेपणाचा एवढा आग्रह धरूनही ही खिडकी मी काढणार नाही. डेटा पुसण्याला होकार देणाऱ्याला आपण कशाला होकार देतो आहोत हे त्याच्या भाषेत कळायलाच हवे, आणि त्यासाठी प्रत्येक मशीन थोडे उशिरा बूट झाले तरी मला ते चालते.