बंद-चालू करण्याआधी

इस्लापुरात घरचं नेट गेलं की पहिला हात जातो तो राऊटरच्या बटणाकडे. कुणी अडॅप्टरच उपसतं, मनात दहापर्यंत मोजतं आणि परत खुपसतं. पुष्कळदा नेट येतंही, आणि येतं म्हणूनच ही सवय घट्ट होत गेली आहे. घरचं वायफाय सांभाळताना आणि शेजारपाजारच्या घरांतली तीच ती दुखणी पाहताना माझं मत मात्र उलट बाजूने घट्ट होत गेलं. बटण दाबायचंच असेल तर ते शेवटी दाबावं. राऊटर बंद केला की बिघाडाचा पुरावाही त्याच्याबरोबर पुसला जातो. लाईन किती वाजता तुटली, डबा स्वतःहून बंद पडून पुन्हा सुरू झाला होता का, ही माहिती बहुतेक घरगुती राऊटर तात्पुरत्या स्मृतीत ठेवतात आणि वीज तुटली की ती उडून जाते. दुखणं तसंच राहतं, दुसऱ्या दिवशी पुन्हा डोकं वर काढतं, आणि आपण पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करतो.

मोठ्या शहरात हे एक वेळ चालून जातं. एक जोडणी बिनसली तर दुसरी घेता येते, तक्रार केली की संध्याकाळपर्यंत कुणीतरी येतं. किनवट तालुक्याच्या या टोकाला, सहस्रकुंडच्या धबधब्याजवळ आणि जंगलाच्या कडेला राहणाऱ्यांचं तसं नाही. दुरुस्तीला येणाऱ्या माणसाच्या वाट्याला कितीतरी गावं असतात. त्याला फोनवर नुसतं ‘नेट चालत नाही’ एवढंच कळलं तर तो हाताशी असेल ते सामान घेऊन निघतो. इथे आल्यावर कळतं, की केबल खांबावर तुटली आहे आणि जोडायचं स्प्लायसिंग मशीन दुसऱ्याच गावात आहे. किंवा केबल ठणठणीत असून बिघाड अडॅप्टरचा आहे, जो घरमालकाला बाजारातूनही आणता आला असता. दोन्ही वेळा फेरी वाया जाते. मधल्या काळात कुणाच्या परीक्षेच्या अर्जाची मुदत सरते, कुणाची ई-केवायसी अडते. फायबर गावोगाव नेण्याच्या योजनेला, जी पुढे भारतनेट म्हणून ओळखली जाऊ लागली, केंद्र सरकारने ऑक्टोबर 2011 मध्ये मंजुरी दिली. तिचं मूळ उद्दिष्ट ग्रामपंचायतीपर्यंत पोचण्याचं होतं. तिथून पुढे घरापर्यंत आणि घराच्या आत काय होतं, हा भाग त्या मूळ उद्दिष्टात बसत नव्हता, आणि आपली बहुतेक दुखणी याच भागात असतात.

म्हणून सगळ्यात आधी ठरवायचं ते एकच, बिघाड उंबऱ्याच्या आत आहे की बाहेर. फोनपासून राऊटरपर्यंतचा पल्ला वायफायचा, म्हणजे रेडिओलहरींचा. राऊटरपासून पुढचा पल्ला केबलचा आणि कंपनीचा. दोन्ही पल्ल्यांतला बिघाड स्क्रीनवर सारखाच दिसतो, गोल फिरत राहतो. त्यांना वेगळं करण्याचा खात्रीचा उपाय म्हणजे लॅपटॉप लॅन केबलने थेट राऊटरला जोडून पाहणं. पण आपल्याकडे कित्येक घरांत लॅपटॉप नसतो, नेट म्हणजे फोन आणि टीव्ही. त्यावरही मार्ग आहे. फोनचा मोबाईल डेटा बंद करायचा. हे विसरलं तर वायफाय लंगडं पडताच फोन गुपचूप डेटावर जातो आणि आपली फसगत होते. मग राऊटरपासून हातभर अंतरावर उभं राहून ब्राउझरमध्ये राऊटरचा पत्ता टाकायचा. तो राऊटरच्या तळाशी चिकटवलेल्या कागदावर छापलेला असतो, बहुधा 192.168.1.1. हे पान राऊटरच्याच पोटात असतं, त्याला बाहेरच्या इंटरनेटची गरज नाही. पान झटकन उघडलं आणि तरीही बातम्यांचं संकेतस्थळ उघडत नसेल, तर फोन आणि वायफाय यांच्यावरचा संशय जवळजवळ फिटला. पानच उघडायला रखडत असेल तर कंपनीला फोन लावण्यात अर्थ नाही, घोळ घरातच आहे. एवढ्या एका तपासाने निम्मं काम होतं, आणि त्याला पैसाही लागत नाही.

त्याच पानावर आत गेलं की दोन आकडे असतात, आणि माझ्या मते घरातल्या एका तरी माणसाला ते वाचता यायलाच हवेत. पहिला अपटाइम, म्हणजे राऊटर किती वेळ सलग चालू आहे तो आकडा. घरात कुणी हात लावलेला नाही, लाईट गेलेली नाही, आणि तरी अपटाइम वीस मिनिटांचाच दिसतो, याचा अर्थ डबा स्वतःहून बंद पडून सुरू झाला. तिथे केबलला दोष देऊन उपयोग नाही. संशय अडॅप्टरवर, त्याच्या ढिल्या पिनवर किंवा तापण्यावर घ्यायला हवा. बहुतेक घरगुती राऊटर 40 अंशांपर्यंतच्या हवेत चालण्यासाठी बनवलेले असतात. मे महिन्यात आपल्या जिल्ह्यात सावलीतलाच पारा त्यापुढे जातो, मग पत्र्याच्या खोलीत दुपारी दोन वाजता, छताला लागून खिळ्यावर टांगलेल्या डब्याचं काय होत असेल याचा विचार करावा. उलट, डब्याचा अपटाइम चार दिवसांचा आणि इंटरनेट जोडणीचा मात्र दहा मिनिटांचा असेल, तर डबा जागाच होता, लाईन बाहेर तुटून पुन्हा जुळली. अपटाइमचे हे दोन्ही आकडे बंद-चालू करताच शून्यावर येतात. पुरावा पुसला जातो असं मी म्हणतो ते याच अर्थाने.

दुसरा आकडा फायबरमधून येणाऱ्या प्रकाशाच्या ताकदीचा, आरएक्स पॉवर. तो डीबीएममध्ये आणि वजा चिन्हासह असतो, त्यामुळे पाहणारा बिचकतो. पण वाचायला तो सोपा आहे. वजा 20 च्या आसपास असेल तर प्रकाश उत्तम येतो आहे. घरगुती जोडणीतली यंत्रं साधारण वजा 27 पर्यंतचा प्रकाश ओळखतात, त्याखाली लाईन थरथरू लागते. या मोजपट्टीवर तीन अंक खाली म्हणजे प्रकाश निम्मा, दहा अंक खाली म्हणजे एक दशांश. जोडणी बसवली त्या दिवशी वजा 19 असलेला आकडा आज वजा 26 दिसतो, तर वाटेत कुठेतरी प्रकाश गळतो आहे. आणि ही वाट खांबापाशीच सुरू होते असं नाही. कपाट भिंतीला सारताना मागे दबलेली, खिडकीच्या फटीत चेमटलेली, खिळ्याला गच्च गुंडाळलेली केबल मी घरोघर पाहत आलो आहे. फायबरमध्ये काचेचा तंतू असतो. तो तीव्र वळणावर वाकला की न तुटताही प्रकाश बाहेर सांडतो. टोकाच्या जोडाचंही तसंच. हिरव्या जोडाचं तोंड आठ अंशांच्या तिरकस कोनात घासलेलं असतं, निळ्याचं तसं नसतं. दोन्ही एकमेकांत बसतात, पण हिरव्याला निळा जोडला की प्रकाश वाया जातो. जोडाच्या तोंडाला बोट लावलं तर बोटाचं तेलसुद्धा पुरतं.

ज्याला पान उघडायचं नाही त्याने निदान दिवे पाहावेत. ‘लॉस’चा दिवा लाल लुकलुकत असेल तर घरापर्यंत प्रकाशच पोचत नाही, राऊटर शंभर वेळा बंद-चालू केला तरी तो येणार नाही. ‘पॉन’चा हिरवा दिवा नुसताच लुकलुकत राहिला तर प्रकाश येतो आहे, पण पलीकडच्या यंत्राशी ओळख पटलेली नाही. पॉन स्थिर आणि इंटरनेटचा दिवा लाल किंवा बंद असेल तर लाईन शाबूत आहे, अडचण लॉगिनची, रिचार्जची किंवा कंपनीच्या पुढच्या यंत्रणेची.

आता घरातला पल्ला. आपल्याकडच्या जुन्या माळवदाच्या घरांत दगड-मातीच्या भिंती हात-दीड हात जाड असतात, आणि राऊटर ठेवायला हाताशी असते ती दिवळी, म्हणजे तीन बाजूंनी भिंत. नव्या घरांत सिमेंटच्या भिंतीत सळया, वर पत्रे, आणि राऊटरच्या शेजारी लोखंडी कपाट. लोखंड या लहरी परतवतं, जाड भिंत त्या पिते, पाण्याने भरलेली टाकीही पिते. त्यातही 5 गिगाहर्ट्झच्या लहरी वेगाला चांगल्या पण भिंतीपुढे लवकर हरतात, 2.4 च्या दूरवर जातात पण त्यांच्यात गर्दी फार. 2.4 मध्ये एकमेकांना अजिबात न छेदणारे चॅनेल तीनच धरतात, 1, 6 आणि 11. बाजारपेठेच्या रांगेतल्या दुकानांत भिंतीला भिंत लागून राऊटर असतात आणि बरेचसे एकाच चॅनेलवर बसलेले. तिथे एखाद्याने चॅनेल बदलला तर त्याचा वेग नवा राऊटर न घेताही सुधारतो. घरात मात्र राऊटर दिवळीतून काढून मधल्या खोलीत, छातीच्या उंचीवर आणि कपाटापासून दूर ठेवणं हाच बहुतेकदा पुरेसा उपाय असतो.

या म्हणण्यावर आक्षेप येतात, आणि ते उडवून लावण्यासारखे नाहीत. पहिला असा, की बंद-चालू केल्याने काम होतं ना, मग हा खटाटोप कशाला? काम होतं हे खरं आहे. राऊटर हा छोटा संगणकच आहे. त्याची स्मृती भरते, जोडणीची बोलणी मध्येच अडकतात, आणि नव्याने सुरुवात केली की ते मोकळं होतं. महिन्या-दोन महिन्यांतून एखाद्या वेळी अशी गरज पडली तर खुशाल करावं. पण रोज किंवा दिवसाआड करावं लागत असेल तर तो उपाय राहत नाही, ते दुखण्याचं लक्षण होतं. मी बंद-चालू करण्याच्या विरोधात नाही. त्याआधी दोन मिनिटं दिवे आणि आकडे पाहावेत, फोनने त्यांचा फोटो काढून ठेवावा, एवढंच मागतो आहे. रिसेटच्या बारीक भोकात पिन खुपसणं मात्र अगदीच वेगळं. त्याने वायफायचं नाव-पासवर्ड आणि कित्येकदा कंपनीचं लॉगिनही पुसलं जातं, आणि नुसतं मंद असलेलं नेट पूर्ण बंद पडतं. तिथे हात लावू नये.

दुसरा आक्षेप अधिक वजनाचा आहे. पैसे आपण भरतो, मग शोधायचं काम आपण का करायचं? जबाबदारी कंपनीचीच, यात मला शंका नाही. पण उंबऱ्याच्या आत काय चाललं आहे हे कंपनीला पुरतं दिसत नाही, आणि ग्राहकाच्या हातात पुरावा नसला की ‘तुमच्या घरातच काहीतरी असेल’ या उत्तरावर त्याला गप्प बसावं लागतं. आरएक्स पॉवर आठवडाभरात वजा 21 वरून वजा 28 वर गेल्याचे फोटो हातात असले तर तेच उत्तर देता येत नाही. आणि सामान्य माणसाला हे जमणार नाही, हे तर मला मुळीच पटत नाही. शेतात पाणी पोचलं नाही तर आपला शेतकरी नुसती मोटार बंद-चालू करत बसत नाही; विहिरीत पाणी आहे का, मोटार ओढते का, पाइप कुठे फुटला, हे तो क्रमाने पाहतो. तपासाची ही रीत गावाला शिकवण्याची गरज नाही, ती राऊटरला लावण्याची गरज आहे.

तिसरा आक्षेप असा, की सगळं ठीक दिसतं, दिवे हिरवे, आकडे चांगले, पण रात्री आठ ते दहा नेट रांगतं. हे दुखणं बहुधा घराबाहेरचं आणि वाटणीचं असतं. सध्याच्या प्रचलित फायबर जोडणीत एका तंतूवरचा सुमारे अडीच गिगाबिटचा वेग 32 किंवा 64 घरांत वाटला जातो. 64 घरांनी एकदम पूर्ण ताकदीने वापरला तर वाट्याला 40 मेगाबिटही येत नाहीत, आणि कंपनीने पुढची वाट अरुंद ठेवली असेल तर त्याहूनही कमी. तरी रात्रीचा वेग राऊटरजवळ उभं राहून मोजलेला असावा, सलग काही दिवस, सकाळच्या आकड्याशेजारी लिहिलेला. आणि एक हिशेब लक्षात ठेवावा, 40 मेगाबिट म्हणजे सेकंदाला 5 मेगाबाइट. फाइल उतरताना दिसणारा 5 चा आकडा पाहून फसवणूक झाल्याची तक्रार करणारे पुष्कळ असतात, आणि त्यांच्या गर्दीत खऱ्या तक्रारी मागे पडतात.

नवा राऊटर घेण्याबद्दल फार लिहीत नाही. वायफायचा पल्ला कमी पडतो हे वरच्या तपासात ठरलं असेल तर तो जरूर घ्यावा. ठरलं नसेल तर ते पैसे बिघाडाला हातही लावत नाहीत.

या सगळ्यात एक अडथळा आपल्या हातातला नाही. कित्येक घरांत राऊटरच्या पानाचं युजरनेम आणि पासवर्ड ग्राहकाला माहीतच नसतात; जोडणी देणारा माणूस ते बदलून स्वतःजवळ ठेवतो. ग्राहक काहीतरी बिघडवेल ही त्याची भीती मला समजते, पण निदान आकडे पाहता येतील एवढा प्रवेश देणं बऱ्याच राऊटरमध्ये शक्य असतं. तेव्हा जोडणी देणाऱ्यांना विनंती आहे: जोडणी पूर्ण झाली की पानाचा पत्ता, पाहण्यापुरता पासवर्ड आणि त्या दिवशीची आरएक्स पॉवर, या तीन गोष्टी कागदावर लिहून राऊटरशेजारच्या भिंतीला चिकटवून द्या. आणि ज्यांच्या घरी नवी जोडणी येते आहे त्यांनी हा कागद मिळेपर्यंत पावतीवर सही करू नये.