एक अंग बदलताना

ज्याने जन्मभर मुलांकडून शब्दरूपे आणि धातुरूपे घोकून घेतली, त्याने अमेरिकेतील जलक्रीडेच्या एका यंत्रावर लिहावे, हे कित्येकांस चमत्कारिक वाटेल. परंतु आमचा भाचा ॲरिझोना प्रांतात राहतो, त्यास या यंत्राचे वेड आहे, आणि ते विकून टाकण्याविषयी आम्ही त्यास लिहावे असा आमच्या धाकट्या बहिणीचा आग्रह आहे. "दादा, तू सांगितलेस तर तो ऐकेल," असे ती म्हणते. आम्ही लिहिले; पण ती म्हणते तसे नव्हे.

यंत्र म्हणजे उभ्याने चालविण्याची जेट स्की. मालवणास किंवा गोव्यास पाहुण्यांना बसवून फिरविणाऱ्या ज्या नौका दिसतात, त्यांहून ही अरुंद व हलकी. क्लेटन जेकबसन नावाच्या अमेरिकी मोटारसायकल-शर्यतपटूने १९६० नंतरच्या दशकात ती कल्पिली आणि कावासाकी कंपनीने १९७३ साली ती विक्रीस आणली. 'जेट स्की' हे वास्तविक त्या कंपनीचे व्यापारी नाव. पण वनस्पती तुपास जसे सरसकट 'डालडा' म्हणू लागले, तसेच येथे झाले. भाच्याची नौका यामाहा कंपनीची सुपरजेट आहे. ७०१ घन सेंटिमीटरचे, दोन सिलेंडरांचे टू-स्ट्रोक इंजिन. सुपरजेट प्रथम १९९० साली निघाली, आणि २०२१ पासून त्याच नावाची नौका फोर-स्ट्रोक इंजिनाची झाली. जुन्या नौकांचे हौशी लोक त्यांत फेरफार करतात ते बहुतांशी इतर कारखानदारांनी बनविलेल्या सुट्या भागांनी.

हिची रचना सोपी आहे. इंजिन पंपातील पाते-चाक, म्हणजे इंपेलर, फिरविते. तळाच्या जाळीतून पाणी आत ओढले जाते आणि मागच्या तोटीतून जोराने बाहेर फेकले जाते. त्या धारेच्या प्रतिक्रियेने नौका पुढे जाते. सुकाणू मुळीच नाही. तोटी वळली की नौका वळते. अर्थात इंजिन बंद पडले की गती जाते आणि तिच्याबरोबर वळण्याचे सामर्थ्यही जाते.

आणि भाच्याचे इंजिन बंद पडले ते कोलोरॅडो नदीवरील हवासू सरोवराच्या ऐन मध्यावर. त्याने केवळ नवी धूरनळी बसविली होती. टू-स्ट्रोक इंजिनात धूरनळी ही नुसती धूर घालविण्याची वाट नसते. तिच्या फुगीर व निमुळत्या आकारावरून दाबाची लाट परतते आणि बाहेर निसटू पाहणारे ताजे मिश्रण सिलेंडरात पुन्हा लोटते. त्या नळीत थंड पाणी किती सोडावे यासही महत्त्व आहे. वायू थंड झाला की त्यातील ध्वनीचा वेग घटतो आणि ती लाट उशिरा पोहोचते. (पदार्थविज्ञान शिकविणाऱ्यांस हे उदाहरण वर्गात उपयोगी पडेल.) नळी बदलल्याने इंजिन अधिक हवा घेऊ लागले, पण कार्ब्युरेटरातील इंधनाची पितळी छिद्रे, ज्यांस जेट म्हणतात, ती जुन्याच मापाची राहिली. मिश्रणात पेट्रोल कमी पडले. या इंजिनात ५० भाग पेट्रोलास १ भाग तेल मिसळलेले असते, म्हणून पेट्रोलाबरोबर वंगणही कमी झाले. पिस्टन तापून फुगला व सिलेंडरात आवळून बसला. मेकॅनिकांच्या भाषेत इंजिन सीझ झाले. अकरा वर्षांचा मुलगा काठावरून हे सारे पाहत होता. एका परक्या गृहस्थाने आपल्या बोटीला बांधून भाच्यास ओढून आणले. बहिणीच्या जिवाचे पाणी झाले ते यामुळे.

हे ऐकताच आम्हांस मीमांसकांची आठवण झाली. ज्या यागाची सर्व अंगे सांगितलेली असतात तो प्रकृतियाग. त्यावरून बेतलेला तो विकृतियाग. विकृतीत देवता अग्नीऐवजी सूर्य असली, तर मंत्रातील अग्नीचे नाव तसेच ठेवून चालत नाही, तेही बदलावे लागते. यास ऊह म्हणतात, आणि जैमिनीच्या सूत्रांचा नववा अध्याय त्याकरिताच आहे. दहावा बाधाचा. तांदळाऐवजी सोन्याचे कण शिजवावयाचे असतील, तर कांडण्याचा विधी गळतो. सोन्यास तूस कोठले? भाच्याने देवता बदलली आणि मंत्र जुनाच म्हटला. शिवाय कंपनीच्या पुस्तिकेतील कार्ब्युरेटराची मापे नव्या नळीबरोबर बाधित झाली, हेही त्याच्या ध्यानात आले नाही.

असेच पुढेही आहे. सिलेंडरचे हेड बदलून दाब वाढविला, तर साधे पेट्रोल अवेळी भडकते; उच्च ऑक्टेनचे घ्यावे लागते. इंजिनाचे फेरे वाढले, तर इंपेलरच्या पात्यांचा तिरपेपणा वाढवावा लागतो, एरवी ती वाढलेली शक्ती वाया जाते; आणि तो फाजील वाढविला तर इंजिन दमते. हँडल व पायाखालचे मऊ आस्तरण यांस मात्र असा परिवार नाही, ते खुशाल बदलावे.

मूळ नौकेत शिरलेले पाणी उपसण्याची जी योजना असते, ती नौका चालू असतानाच काम करते. म्हणजे इंजिन बंद पडून माणूस मदतीची वाट पाहत असतो, नेमके तेव्हाच तिचा उपयोग नाही. बॅटरीवर चालणारा निराळा पंप मिळतो. त्याने वेग तिळमात्र वाढत नाही, म्हणून तरुण मंडळी तो सर्वांत शेवटी घेतात. आमच्या मते तो सर्वांत आधी घ्यावा.

नौका विकून भाच्याचे वेड जाणार नाही. तो दुसरी घेईल आणि हाच प्रकार पुन्हा होईल. म्हणून आम्ही त्यास कळविले की, एक तर जुनी नळी परत बसव, नाही तर तिची सर्व अंगे पुरी कर. उपसणीचा पंप आधी. मग योग्य मापाचे जेट. स्पार्क प्लग पांढरा न राहता फिका तपकिरी दिसेपर्यंत काठालगतच राहावे आणि पूर्ण वेग घेऊ नये. इंपेलरास तूर्त हात लावू नये.

त्याचे उत्तर आले आहे. नवे पिस्टन व जेट बसले, पंपही बसला. "मामा, बाकी सारे तुम्ही सांगितल्याप्रमाणे केले," असे तो लिहितो, "पण इंपेलरची मागणी तुमच्या पत्राच्या आधीच नोंदविली होती." बहिणीस आम्ही पत्राचा पूर्वार्ध तेवढा वाचून दाखविला आहे.