सायकलवरून लोनाडच्या लेण्यांकडे

अजिंठा-वेरूळ आपण ऐकून असतो. कान्हेरीलाही पुष्कळ कुटुंबे जाऊन आलेली असतात. परंतु कल्याणपासून अवघ्या दहा-बारा किलोमीटरवर, भिवंडी तालुक्यातील लोनाड गावाजवळ बौद्ध लेणी आहेत, हे वस्तीत किती जणांना ठाऊक आहे? चार माणसांच्या घराला रिक्षाचे जाण्यायेण्याचे भाडे जड जाते. सायकलला तिकीट लागत नाही. म्हणून जानेवारीतल्या एका रविवारी आम्ही चौदा जण सायकलींवर निघालो.

शर्यत नव्हती. दोन सायकली गिअरच्या, बाकी साध्या. एक तर रोज वर्तमानपत्रे टाकणाऱ्या मुलाची. नियम एकच केला : सर्वांत मागे जो असेल त्याच्या चालीने सर्वांनी चालायचे. पुढे एक जाणता, मागे एक जाणता. मागच्याजवळ हवेचा पंप, पाने आणि पंक्चरचे सामान.

दुर्गाडीहून सकाळी सातला निघून आधारवाडीमार्गे गांधारी पुलावर आलो. उल्हास नदीवर धुके होते. स्वेटर होते, पण पुलापलीकडे पोहोचेपर्यंत ते कमरेला बांधले गेले. बापगावच्या बाजूला भाताची कापणी झालेली शेते, पेंढ्याचे ढीग आणि मधूनच वालाचे हिरवे तुकडे दिसतात. मात्र रस्ता पूर्वीसारखा निवांत राहिलेला नाही. भिवंडीच्या गोदामांचे ट्रेलर येतात-जातात. जवळच आमणे येथे समृद्धी महामार्ग संपतो. त्याचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा जून २०२५ मध्ये खुला झाला. त्यामुळे एकामागे एक, रस्त्याच्या कडेनेच चालावे लागते.

आमच्यात नववीतली एक मुलगी होती. तिची आई चार घरची धुणीभांडी करते. "मोठ्या रस्त्यावर पोरीला कशाला धाडायचं?" असे आईने आदल्या दिवशी विचारले होते. तिची काळजी खोटी नव्हती. म्हणून मुलीला मधोमध ठेवले. चढावर ती उतरली, तेव्हा सगळेच उतरले आणि सायकली हातात धरून चालू लागले. कोणी हसले नाही.

लोनाडची लेणी लहान आहेत. अभ्यासक ती पाचव्या ते सातव्या शतकाच्या दरम्यानची मानतात. ओसरी, खांब, आत दालन आणि भिंतीवर राजा व परिवार यांचे मोठे शिल्प. बाजूला पाण्याचे टाके आहे. आत आज खंडेश्वरी देवीची पूजा होते. गावकऱ्यांशी गोडीने बोलून, शिल्पांना हात न लावता आम्ही सर्व पाहिले.

डबे सोडल्यावर मुलांना कान्हेरीच्या शिलालेखांची माहिती सांगितली. त्या लेखांत कल्याणच्या दात्यांची नावे आहेत. कल्याणच्या एका सोनाराने तेथे पाण्याचे टाके दिले, एका लोहाराने वाट बांधून दिली. राजांचे दान मोठे असेल. पण हातोडा चालवणाऱ्या माणसानेही आपल्या मिळकतीतून भिक्खूंच्या पायाखालची वाट केली आणि त्याचे नाव दगडावर राहिले. "म्हणजे आपल्या कल्याणचाच लोहार?" त्या मुलीने विचारले. होय, आपल्याच गावचा.

परतताना एक पंक्चर झाले. ते काढायला वीस मिनिटे गेली आणि सगळे थांबले. दुपारी एकपर्यंत सर्व जण घरी होते. खर्च म्हणाल तर चहाचा, तोही वर्गणीतून.

प्रत्येक वस्तीत जुन्या सायकली जिन्याखाली गंजत पडलेल्या असतात. त्यांची साखळी तेलात घाला, ब्रेक तपासा आणि थंडी आहे तोवर एक रविवार ठरवा. मुलींना सोबत घ्या. ज्या वाटेने त्या एकदा स्वतःच्या पायांच्या बळावर गेल्या, ती वाट त्यांना पुन्हा कोणाला विचारावी लागत नाही.