थोरल्याचे हात, धाकट्याचे नाव

एका पेढीवर दोन भाऊ असले की कामाची वाटणी बहुधा न बोलताच होते. एक गिऱ्हाइकाशी बोलतो, दुसरा मालापाशी राहतो. पाटीवर नाव दोघांचे असते. बाजारात ओळख मात्र बोलणाऱ्याची राहते. अमेरिकेतील कॅलिफोर्नियात मोटारींचे रूप पालटून देणाऱ्या बॅरिस बंधूंची कथा अशीच आहे.

थोरला सॅम 1924 सालचा, धाकटा जॉर्ज 1925 चा. कुटुंब मूळचे ग्रीसचे. आईवडिलांचे छत्र लवकर हरपल्यामुळे दोघे रोझव्हिल गावी नातेवाइकांकडे वाढले. त्यांच्या खानावळीत राबल्याबद्दल मुलांना एक जुनी ब्युइक मोटार मिळाली. ती त्यांनी दुरुस्त केली, रंगवली, सजवली आणि विकून टाकली. हाच त्यांचा पहिला व्यवहार. दुसऱ्या महायुद्धात सॅम नौदलात गेला. युद्ध संपल्यावर तो लॉस एंजेलिसला जॉर्जकडे आला आणि दोघांचा कारखाना उभा राहिला.

त्या काळी तरुणांचे मन बसले होते ते 1949 च्या मर्क्युरीवर. गाडी गोलसर, भरदार. पण टप उंच वाटे. तो खाली आणणे हे या धंद्यातील सर्वांत अवघड काम. टपाला आधार देणारे खांब कापायचे, त्यांतून काही इंचांचा तुकडा काढायचा आणि टप पुन्हा बसवायचा, असे ते सांगायला सोपे आहे. परंतु खांब सरळ उभे नसतात. वर जाताना आत झुकतात. त्यामुळे टप खाली आला की कापलेली टोके एकमेकांना जुळत नाहीत. मग टपाचे भाग करून तो वाढवावा लागतो, मागचा उतार नव्याने घडवावा लागतो, दारांच्या चौकटी आखूड कराव्या लागतात, काचा नव्या मापाच्या घ्याव्या लागतात. एकदा करवत फिरली की गाडी पूर्ववत होत नाही. सॅमने हे धाडस केले ते स्वतःच्या, जवळजवळ नव्या मर्क्युरीवर. गिऱ्हाइकाचा माल कापण्यापूर्वी त्याने आपला कापला.

1952 साली बॉब हिरोहाता या तरुणाने आपली 1951 ची मर्क्युरी त्यांच्या स्वाधीन केली. सॅम आणि त्याच्या सहकाऱ्यांनी तिचा टप पुढून 4 इंच आणि मागून 7 इंच उतरवला. दारामागचा मधला खांबच काढून टाकला, त्यामुळे खिडक्यांची रेघ अखंड झाली. त्या वर्षीच्या प्रदर्शनात लोकांनी ती पाहिली आणि पुढे पुष्कळांनी तिची नक्कल केली.

अशा गाडीचे खरे कसब जोडात असते. पत्रा जोडल्यावर उरणारी खाच शिसे आणि कथील यांच्या मिश्रणाने भरीत. आचेच्या एका ठरावीक मर्यादेत हे मिश्रण लोण्यासारखे मऊ राहते. आच कमी पडली तर ते चिकटत नाही, जास्त झाली तर ओघळून जमिनीवर पडते. ते लाकडी थापीने पसरायचे, निवल्यावर कानशीने घासायचे आणि मग रंग चढवायचा. जोड चांगला साधला असेल तर तो कोणालाच दिसत नाही. ज्याचे काम उत्तम, त्याच्या कामाची खूणही उरत नाही.

जॉर्जचे कसब वेगळे होते. तो छायाचित्रे काढी, मासिकांत लिही, प्रदर्शने गाठी, चित्रपटवाल्यांशी संबंध जोडी. ‘कस्टम’ हा शब्द तो इंग्रजी ‘सी’ऐवजी ‘के’ने लिही, तीच पेढीची खूण झाली. त्याचे हे श्रम कमी लेखता येणार नाहीत. दारी गिऱ्हाईक आले नसते, तर सॅमच्या हातांना काम कोठून मिळाले असते?

1950 च्या दशकाच्या मध्यास सॅम कुटुंबासह उत्तरेकडे सॅक्रामेंटो परिसरात परतला. कारखाना जॉर्जकडे राहिला आणि नावही. लिंकन फ्युचुरा ही इटलीत घडवलेली 1955 ची नमुना-गाडी जॉर्जने अवघ्या एका डॉलरला मिळवली. तिच्यापासून अवघ्या तीन आठवड्यांत दूरचित्रवाणीवरील बॅटमॅनची मोटार तयार झाली आणि 1966 च्या जानेवारीत ती घरोघरी पोहोचली. पत्र्याचे बरेचसे काम बिल कुशनबेरी या कारागिराने केले होते. बहुतेकांना नाव ठाऊक झाले ते मात्र जॉर्जचे. 2013 साली तिला लिलावात 42 लाख डॉलरची बोली आली. 2015 साली जॉर्ज वारला, तेव्हा जगभरच्या वृत्तपत्रांनी त्याची नोंद घेतली. सॅम 1967 सालीच, पन्नाशीही न गाठता, कर्करोगाने गेला होता.

हिरोहाताची मर्क्युरी मात्र टिकली. 1959 साली जुन्या गाड्यांच्या विक्रेत्याकडून एका शाळकरी वयाच्या मुलाने ती 500 डॉलरला घेतली आणि जन्मभर सांभाळली. त्याच्या पश्चात, 2022 च्या जानेवारीत, ती सुमारे 20 लाख डॉलरला विकली गेली. लिलावात पुकारले गेले ते पेढीचे नाव. पेढीच्या नावात सॅमचेही नाव होते, हे जाणकारांनाच ठाऊक. नंतरच्या काळात गाडीला रंग पुन्हा चढवावा लागला, मालक बदलले, भाव चढले. पुढून 4 इंच आणि मागून 7 इंच उतरलेला टप मात्र सॅमने बसवला तेथेच आहे.