राजापूरला बिऱ्हाड

मुलुंडच्या आमच्या इमारतीचा पुनर्विकास होणार, हे गेली सात वर्षे ऐकत होतो. इतकी वर्षे एखादी गोष्ट ‘होणार’ असली की ती होणार नाही अशीच माणसाची खात्री होते. पण गेल्या माघात सोसायटीची विशेष सभा भरली, निम्म्याहून पुष्कळ अधिक सभासदांनी संमती दिली आणि जागा रिकामी करण्याची तारीखही ठरली. तीन वर्षे दुसरीकडे राहायचे, भाडे बिल्डर देणार, आणि मग त्याच जागी बाविसाव्या मजल्यावर नवे घर. तळमजल्यावर पेढे वाटले गेले. पेढा हातात घेऊनच सौ. म्हणाली, “तीन वर्षं भाड्याच्या घरात काढायची, त्यापेक्षा स्वतःच्या घरात का काढू नयेत?”

स्वतःचे घर म्हणजे राजापूरचे. आणि हे वाक्य तिच्या तोंडून यावे याचेच मला नवल वाटले. कारण उपनगरात राहणारा प्रत्येक कोकणी माणूस आठ-बाराच्या गाडीत दांडीला लोंबकळताना ‘आता एकदा गावाला जाऊन राहायचं’ असे म्हणतच असतो. मीही वीस वर्षे म्हणत आलो आहे. त्यात जाण्याचा विचार फारसा नसतो. कुणी म्हटले की दुसऱ्याने मान डोलवायची, एवढेच. सौ. बोरिवलीची. जन्म तिथला, शाळा तिथली, गाव नावाची वस्तू तिला लग्नानंतर मिळाली. तिने हे वाक्य कधीच म्हटले नव्हते. त्यामुळे ती म्हणाली तेव्हा खरोखरच म्हणाली.

मुंबईच्या माणसाला कोकणातले गाव म्हटले की माड, समुद्र आणि आमराई दिसू लागते. राजापूर त्या चित्रातले नाही. ती पेठ आहे, आणि पेठ म्हणूनच वाढलेली आहे. अर्जुना आणि कोदवली या नद्यांच्या काठी, खाडीच्या तोंडापासून चांगले आत वसलेले हे बंदर. वर घाटमाथ्यावरून अणुस्कुऱ्याच्या वाटेने बैलांच्या पाठीवर माल उतरायचा आणि इथे गलबतांत चढायचा. इंग्रजांनी सतराव्या शतकाच्या मध्याला इथे वखार घातली. १६६० साली सिद्दी जौहराने पन्हाळ्याला वेढा घातला, तेव्हा याच वखारीचा हेन्री रेव्हिंग्टन तोफा घेऊन तिथे पोचला आणि आपले निशाण लावून गडावर गोळे टाकू लागला. व्यापाऱ्याने तराजू सोडून तोफेला हात घातला, त्याची किंमत पुढल्याच वर्षी वसूल झाली. १६६१ मध्ये शिवाजी महाराजांनी राजापूर घेतले, वखार खणून काढली आणि इंग्रजांना कैदेत टाकले. शाळेत हा भाग शिकवताना मी आवाज जरा चढवतो. आमच्या पेठेतली गोष्ट आहे ना!

पुढे खाडी गाळाने भरत गेली. मोठी गलबते यायची थांबली, मग लहानही थांबली. नाव मात्र मालाला चिकटून राहिले. सांगलीच्या बाजारात हळद ‘राजापुरी’, वाण्याकडे खोबरे ‘राजापुरी’, आणि आंघोळीनंतर कमरेला गुंडाळायचा पंचा, तोही राजापुरीच. २०११ च्या जनगणनेत गावची वस्ती दहा हजारही भरली नाही. एवढ्याशा गावाचे नाव इतक्या घरांच्या फडताळांत आणि दोऱ्यांवर असते, याचा आम्हां राजापूरकरांना थोडा गर्व आहे. तो कुणाला दिसत नाही म्हणून कमी होत नाही.

आमचे घर पेठेत आहे. दर्शनी भाग अरुंद, आत मात्र आगगाडीच्या डब्यासारखे लांबत गेलेले. पुढे दुकान, मागे माजघर, त्यामागे स्वयंपाकघर आणि अगदी शेवटी न्हाणी. वर सबंध लांबीचा माळा. हा माळा अडगळीसाठी नव्हे, पुरासाठी. पावसाळ्यात नदी पेठेत शिरते. अमुक वर्षी शिरली असे सांगण्यासारखे त्यात काही नाही. ज्या वर्षी शिरली नाही ते वर्ष लोक लक्षात ठेवतात. नगर परिषदेचा भोंगा वाजला की दुकानदार न बोलता कामाला लागतात. आधी मीठ, साखर, पीठ, मग कापड, मग तेलाचे डबे. डबे शेवटी, कारण ते भिजले तरी बिघडत नाहीत. आमच्या आजोबांनी दुकानाच्या भिंतीवर प्रत्येक मोठ्या पुराची रेघ ओढून ठेवली आहे. लहानपणी त्याच भिंतीला पाठ लावून आम्हां भावंडांची उंची मोजत. एका रेघेपर्यंत मी बाराव्या वर्षीही पोचलो नव्हतो.

सौ.ने भिंत पाहिलेली होती. तरी ती म्हणाली, “पाणी इथंही येतं.” याला उत्तर नव्हते. २००५ च्या २६ जुलैला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. त्या रात्री ती घाटकोपरहून रुळांवरून चालत निघाली होती आणि पहाटे घरी पोचली होती. “तिथं निदान भोंगा वाजवतात,” ती म्हणाली.

मे महिन्यात आम्ही दोघे ठाण्याहून कोकणकन्येत बसलो आणि पाहून यायला गेलो. १९९८ पासून कोकण रेल्वे सबंध मार्गावर धावते आहे. पण राजापूर रोड स्टेशन गावापासून चांगलेच लांब, नावातल्या ‘रोड’ला जागणारे. पेठेत शिरताच ओळखीच्या एका किराणावाल्यांनी, माझ्या वडिलांच्या वयाचे ते, दोन प्रश्न विचारले. चाकरमान्याला कोकणात हे दोन प्रश्न जोडीनेच विचारतात. कधी आलात? आणि किती दिवस? एरवी मी ‘आज आलो, चार दिवस’ म्हणून मोकळा होतो. या खेपेस सौ.ने मधेच सांगितले, “यायचंच म्हणतोय. राहायला.”

त्यांनी तराजू खाली ठेवला. आम्हांला आत बसवले, कोकम सरबत मागवले आणि मग पेठेच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत एकेक घर बोटांवर मोजत गेले. हे बंद. याचा मुलगा पुण्याला. हे गणपतीत उघडतात. इथं म्हातारी एकटी. याचं खाली दुकान चालू, वरचा माळा बंद. मोजता मोजता त्यांचे स्वतःचे घर आले, तेव्हा ते जरा थांबले. त्यांचे दोन्ही मुलगे मुंबईत, एक अंधेरीला आणि एक आमच्याच मुलुंडात. “तुम्ही या,” ते म्हणाले. “तुम्ही आलात तर मला पोरांना सांगता येईल, की बघा, एक बिऱ्हाड परत आलं.”

हे ओझे मला नको होते. मी तीन वर्षांचे घर शोधायला गेलो होतो, आणि ते गृहस्थ माझ्याकडे पेठेचे भवितव्य देऊ पाहत होते. तरी सांगतो, त्या चार दिवसांत माझेही मन वळत चालले. सकाळी वाचनालयात जाऊन वर्तमानपत्र वाचले, दुपारी माळ्यावर बसून नव्या कादंबरीचे एक प्रकरण लिहिले; मुलुंडला त्याला दोन महिने लागले असते. एका संध्याकाळी उन्हाळ्याला गेलो. राजापूरची गंगा तिथलीच. साधारण तीन वर्षांनी अचानक प्रकटते, चौदा कुंडे भरून वाहते आणि काही आठवड्यांनी तशीच नाहीशी होते. जमिनीखाली वक्रनळीसारखी काही रचना असावी, असे जाणकार म्हणतात. आम्ही गेलो तेव्हा कुंडे कोरडी होती. सौ. काठावर बसून म्हणाली, “तीन वर्षांत एकदा तरी दिसेलच.”

परतीच्या गाडीत हिशेब मांडला. घराची कौले चाळून घेणे, मागच्या वाशांना वाळवी लागली आहे ते बदलणे, न्हाणीघर नव्याने बांधणे; बिल्डरचे भाडे त्यात सहा-आठ महिन्यांत परत मिळाले असते आणि उरलेल्यातून घर चालले असते. धाकट्याची शाळा पायी जाण्याच्या अंतरावर. थोरली यंदा नववीत. तिने फोनवर एकच विचारले, “दहावीचं वर्ष मी तिथं काढू?” त्यात आरोप नव्हता, नुसता प्रश्न होता, त्यामुळेच तो जड झाला. आईला रक्तदाबाचा आणि हृदयाचा त्रास. मुलुंडला डॉक्टर जिन्याखाली. राजापूरला सरकारी रुग्णालय आहे, पण काही मोठे निघाले तर रत्नागिरी गाठायची, नाहीतर घाट चढून कोल्हापूर. आमचे एक काका आषाढात असेच घाटाकडे नेले होते. ते वाटेतच गेले.

आणि माझी नोकरी. शाळा काही माझ्याबरोबर राजापूरला येणार नव्हती. सौ.ने सरळ विचारले, “सोडाल?” मी नाही म्हणालो. कादंबऱ्यांच्या मानधनावर राजापूरचे वीजबिलसुद्धा भरता येत नाही, हे तिला माझ्याइतकेच ठाऊक आहे. तिने ते गृहीतच धरले होते. तिची योजना तयार होती. ती, आई आणि मुले राजापूरला जातील. मी मुलुंडला एखादी खोली घेऊन राहीन, डबा लावीन आणि महिन्याकाठी रात्रीच्या गाडीने जाऊन येईन. वर्षातल्या सुट्ट्या मास्तराला असतातच. योजना बिनतोड होती. मला तीत काही खोट काढता येईना.

खोट आईने काढली. तोवर ती या चर्चेत एक अक्षर बोलली नव्हती. सगळ्यांनी धरून ठेवले होते, मी धरून, की आईला गावाला जायला आवडेल. म्हाताऱ्या माणसाला दुसरे काय आवडणार? ती तांदूळ निवडत होती. ताट बाजूला सारून म्हणाली, “म्हणजे हा मुंबईला खोलीत आणि तू पोरांना घेऊन पेठेत. नवं काय त्यात? मी आठ वर्षं तेच केलं.”

तिचे लग्न १९७१ चे. वडील छापखान्यात कामाला, लालबागला गाववाल्यांच्या सामायिक खोलीत पथारी. ती त्या लांबट घरात सासू-सासऱ्यांजवळ. महिन्याला एक मनीऑर्डर आणि तिच्या कुपनावर दोन ओळी; त्या दोन ओळी सासरे मोठ्याने वाचून दाखवत. गणपतीत आठ दिवस आणि शिमग्याला जमले तर चार. माझी थोरली बहीण वडिलांना ‘पाहुणे आले’ म्हणायची. १९७९ साली वडिलांना मुलुंडला एक खोली मिळाली. तेव्हा मुलुंडला राहणारी माणसे दादरला निघाली तरी ‘मुंबईला जातो’ म्हणत. १९५७ साली महापालिकेत आले तरी मुलुंड मनाने मुंबईबाहेरच होते. पण आईला ती मुंबई पुरली. कोकणात ‘बिऱ्हाड केलं’ याचा अर्थ घर भाड्याने घेतले एवढाच नसतो. नवऱ्याने बायकोला मुंबईला आणले असा असतो. “तुझ्या वडिलांनी बिऱ्हाड केलं, ते मी आठ वर्षं भांडले म्हणून,” आई म्हणाली. “तेव्हा मनीऑर्डर होती, आता फोनवर पैसे येतील. माणूस तेव्हाही यायचं नाही.”

सौ. बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, “आई, मग सगळेच जाऊ या.”

“मला चालेल,” आई म्हणाली. “डॉक्टर नसला तरी चालेल. मी त्र्याहत्तर वर्षांची आहे, मला कुठं दहावीची परीक्षा द्यायचीय! पण गेलो तर सगळे. बिऱ्हाड फोडायचं नाही.”

मग सगळ्यांच्या नजरा माझ्याकडे वळल्या, आणि मी आधीच ‘नाही’ म्हटलेले होते. आजही माझे उत्तर तेच आहे. दोन मुलांची शिक्षणे पुढे उभी असताना पक्की नोकरी सोडण्याइतके राजापूर मला प्रिय नाही, हे लिहायला बरे वाटत नाही, पण तसे आहे. ज्यांना सोडता येते त्यांनी जरूर सोडावी. अशी माणसे मी पाहिली आहेत, आणि त्यांपैकी सगळीच काही पस्तावलेली नाहीत.

आम्ही भांडुपला दुसऱ्या मजल्यावर दोन खोल्या घेतल्या. एकाच वेळी आसपासच्या चार इमारती रिकाम्या होत असल्याने बिल्डरचे भाडे पुरत नाही. वरची रक्कम आम्ही घालतो. सौ. नाराज आहे, आणि नाराज नसल्याचे सोंग ती करत नाही. सामान बांधताना तिने तिच्या शिकवण्यांतून साठवलेले पैसे माझ्यासमोर ठेवले आणि सांगितले की पावसाच्या आत राजापूरची कौले चाळून घ्यायची आणि वासे बदलायचे. चुलतभावाने उभे राहून ते काम करून घेतले. “थोरलीची दहावी झाली की मी पुन्हा विचारणार,” ती म्हणाली. आईने ऐकले आणि म्हणाली, “विचार. मी असले तर मलाही विचार.”

राहता राहिले ते किराणावाले. त्यांना कळवायलाच हवे होते, आणि ते काम सौ.ने माझ्यावर सोपवले. दोन दिवस मी टाळाटाळ केली, मग फोन लावला. येणे होत नाही म्हणून सांगितले, मुलीची दहावी पुढे केली, घर दुरुस्त करून घेतल्याचेही सांगितले. पलीकडे पेठेतला गलबला ऐकू येत होता. कुणी तरी साखर मागत होते.

“बरं, बरं,” ते म्हणाले. “गणपतीला याल ना? किती दिवस?”